बांधावरचा सर्जा

पिशवीच्या तोंडाला सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल होतं. त्यावर ट्रेंचचं नाव, थर चार, खोली आणि शेवटी एकच शब्द: हाडं. त्याच उत्खननातल्या मडक्यांच्या पिशव्या केव्हाच उघडल्या गेल्या होत्या, खापरं धुऊन त्यांची चित्रंही काढून झाली होती. मणी मोजून झाले होते. हाडांच्या एकतीस पिशव्या मात्र मांडणीच्या खालच्या फळीवर तशाच पडून होत्या. एम. ए.च्या प्रबंधासाठी मी त्या मागून घेतल्या. वस्ती ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे दगडाबरोबर थोडं तांबंही वापरात आलेल्या काळातली, भीमेच्या एका उपनदीच्या काठची, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. अहवाल अजून छापलेला नाही, म्हणून गावाचं नाव इथे लिहीत नाही.

मी माणदेशातली. घरी खिल्लार बैलांची जोडी, दोन गाई, दावणीच्या टोकाला चार शेळ्या, आणि दिवाळीनंतर गावच्या शिवारात उतरणारे मेंढपाळांचे वाडे. जनावरांत वाढलेल्या मुलीला जनावरांची हाडं ओळखणं जड जाणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंनी वीस तुकडे टेबलावर मांडले. मला दोन दाढा आणि एक शिंगाचा तुकडा ओळखता आला. उरलेल्या सतरा तुकड्यांपुढे मी गप्प उभी होते. जनावर मला बाहेरून माहीत होतं, आतून नाही.

या कामाला तुलनेसाठी हाडं लागतात. ओळखीच्या जनावराचा पूर्ण सांगाडा, त्याचं वय, लिंग, जात माहीत असलेला. जुना तुकडा हातात घ्यायचा आणि या सांगाड्यातल्या एकेका हाडाशी ताडून पाहायचा. विभागात शेळीचा सांगाडा होता, पण त्यातली बरीच हाडं वापरून झिजली होती. बाईंनी मला नवा तयार करायला सांगितलं.

मटणाच्या दुकानात जाऊन 'न तोडलेला बोकड हवा' असं सांगितल्यावर दुकानातले काका आधी चक्रावले. सत्तूर न लावता सगळा बोकड नुसत्या सुरीने सोडवून देता येईल का, असं विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आमचे वडील असंच करायचे. सत्तूर हाणायला ताकद लागते, सुरीला जाण लागते." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझ्यासमोर फरा वेगळा केला, मग रान, मग मान. कुठेही हाड तुटलं नाही. सांध्याच्या नेमक्या फटीत सुरी जायची, एक छोटासा चीर पडायचा आणि पाय आपसूक मोकळा व्हायचा. मी वहीत प्रत्येक चिराची जागा टिपत होते. घोट्याच्या पुढच्या बाजूला आडवे दोन. कोपराच्या आत एक. पायाच्या खालच्या नळीवर गोल फिरवलेला, तो कातडं सोडवताना. मानेच्या पहिल्या मणक्यावर, मुंडी वेगळी करताना.

मग धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर हाडं शिजवायची, उरलेला मांसाचा अंश ब्रशने काढायचा, पाणी बदलायचं, पुन्हा शिजवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येक हाडावर बारीक अक्षरात नंबर घालायचा. यात तीन आठवडे गेले. पण त्या तीन आठवड्यांत प्रत्येक हाड माझ्या बोटांना ओळखीचं झालं. नंतर पिशवीतला तुकडा डोळे मिटून चाचपला तरी कळायचं, हे दंडाचं खालचं टोक, हा खुब्याचा खळगा.

पिशव्या उघडायला लागल्यावर चौथ्याच दिवशी घोट्याच्या हाडावर आडवे दोन चिरे दिसले. काकांच्या सुरीने जिथे पडले होते तिथेच, गव्हाभर इकडे ना तिकडे. हे चिरे भिंगाखाली अगदी बारीक दिसतात. ताम्रपाषाणयुगात तांबं दुर्मिळ होतं. रोजच्या कामाला दख्खनच्या खडकात मिळणाऱ्या कॅल्सेडनी या गारेसारख्या दगडाची छोटी पाती असायची. त्या पात्याने हाड फोडता येत नाही, सांधाच सोडवावा लागतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी त्या ओट्यावर किंवा अंगणात बसलेल्या माणसाला सांध्याची जाण होती. मी भिंगावरून डोळा काढला आणि बराच वेळ ते हाड तळहातावर घेऊन बसले.

सगळ्यात छळलं ते शेळी-मेंढीने. जिवंतपणी यांत घोळ होतच नाही. शेळीची शेपटी वर, मेंढीची खाली, हे लहान मूलही सांगतं. पण कातडं, शेपूट, आवाज गेल्यावर दोघींचे सांगाडे इतके सारखे, की जगभरच्या अहवालांत 'शेळी/मेंढी' असा एक एकत्र रकाना असतो. जर्मनीत योआखिम ब्योसनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली एकेका हाडातले फरक तपशिलाने मांडले, अजून त्याच वाटेने जावं लागतं. शिंगाच्या गाभ्याचा काप, खुरावरच्या नळीचं खालचं टोक, घोट्याच्या हाडाची एक कड, अशा मोजक्या जागी खात्रीने बोलता येतं. शिवाय आपल्याकडे काळवीट आणि चिंकारा आहेत, त्यांची हाडं याच आकाराची. आता हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनावरून शेळी आणि मेंढी वेगळी ओळखण्याची पद्धत आली आहे, पण आपल्या उष्ण हवेत जुन्या हाडांत कोलॅजेन फारसं टिकत नाही. माझ्याकडच्या बहुतेक तुकड्यांना शेवटी तो एकत्र रकानाच मिळाला. रकाना भरताना वाईट वाटायचं. ज्या माणसाने ते जनावर पाळलं त्याला ते पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या महिन्यात मला एक शोध लागल्यासारखं झालं. शेळी/मेंढीच्या दंडाच्या हाडाची खालची टोकं पिशव्यांत भरपूर होती, वरची जवळजवळ नव्हतीच. मांस वाटून घेताना खांद्याकडचा भाग कुणा मानकऱ्याला, कुठल्या देवाला, वस्तीबाहेर दिला जात असेल का? मी चार पानं लिहून बाईंकडे नेली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "गावाकडे कुत्रं आहे ना? सुट्टीत जाशील तेव्हा त्याला दंडाचं हाड टाक आणि बस समोर."

मी बसले. आमच्या वाघ्याने हाड पंजांत धरलं, उलटसुलट केलं आणि नेमका वरच्या टोकाशी लागला. ते टोक आतून स्पंजासारखं, चरबीने भरलेलं, आणि जनावर बऱ्यापैकी मोठं होईपर्यंत नळीला पक्कं जुळतही नाही. अर्ध्या तासात ते संपलं. खालचं टोक टणक, ते त्याने सोडून दिलं. नंतर वाचलं की सी. के. ब्रेन यांनी 1960 च्या दशकात नामिबियातल्या कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांमध्ये नेमकं हेच पाहिलं होतं. माणसांनी खाऊन टाकलेली आणि मग कुत्र्यांनी चघळलेली शेळ्यांची हाडं त्यांनी गोळा केली, तेव्हा दंडाची खालची टोकं ढिगाने मिळाली, वरचं जवळपास एकही नाही. माझी चार पानं मी फाडली नाहीत, जपून ठेवली आहेत. मानकऱ्याच्या जागी कुत्रं आलं होतं. पण मग मी त्या हाडांवरचे दातांचे खळगे मोजायला घेतले, आणि त्या वस्तीत कुत्र्याचं एकही हाड मिळालेलं नसताना ती कुत्री मला जागोजागी दिसायला लागली. कुणीतरी जेवून हाड टाकलं आणि बाजूला वाट पाहत बसलेल्याने ते उचललं. दायमाबाद या ताम्रपाषाणयुगातल्याच वस्तीच्या जागी 1974 साली मिळालेल्या कांस्यरथात बैलांची जोडी हाकणारा माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर कुत्रं. ज्याने तो ओतला त्याला कुत्र्याशिवाय ते दृश्य पुरं वाटलं नसावं.

मोजणीबद्दल फार लिहीत नाही. एका जातीच्या पाच डाव्या आणि तीन उजव्या मांड्या मिळाल्या तर किमान पाच जनावरं, एवढं तत्त्व. आणि जुन्या खोदकामात माती बारीक चाळणीतून काढली नसेल तर मासे, पक्षी, उंदीर निसटलेलेच असतात, हे विसरायचं नाही.

दात मात्र वेगळे. दातांशी आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की आता हे माझ्या घरचं आहे. आमच्याकडे बाजारात बैल घेताना आधी ओठ उचलून दात पाहतात. दुधाचे सगळे शाबूत असले तर आदत, पुढचे दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की बैल जुळला. दोन वर्षांपासून पुढे साधारण चार-साडेचार वर्षांपर्यंतचा हिशेब या एका नजरेत होतो. उत्खननात पुढचे दात जबड्यातून निसटून जातात, म्हणून आम्ही दाढा बघतो. कुठली उगवली, कुठली अजून हाडात आहे, चावून चावून पृष्ठभागावर कसली नक्षी उमटली आहे. प्रत्येक जबड्याचं अंदाजे वय काढायचं आणि मग सगळे जबडे एका तक्त्यावर मांडायचे. कोणत्या वयात जनावरं मारली गेली, यावरून ती कशासाठी पाळली होती ते समजायला लागतं.

सेबॅस्टियन पेन यांनी 1973 साली तुर्कस्तानातल्या अश्वान कालेच्या अभ्यासात हे तीन आराखड्यांत मांडलं. मांसासाठी कळप असेल तर नर ऐन वाढ पुरी होताना कापले जातात. लोकरीसाठी असेल तर म्हातारी होईपर्यंत ठेवतात. दुधासाठी असेल तर नर पिल्लं अगदी लहानपणीच जातात, म्हणजे दूध माणसाला उरतं. माझ्या तक्त्यात गाईबैलांचे कोवळे जबडे अगदी कमी होते. आराखड्याप्रमाणे उत्तर सरळ होतं: दुधासाठी गाई पाळत नव्हते.

हे मी सुट्टीत आजीला सांगितलं. ती तेव्हा धार काढायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वासरू मारल्यावर गाय पान्हा सोडंल व्हय?" आमच्या देशी गाईला वासरू समोर लागतं. आधी त्याला आचळाला लावायचं, पान्हा सुटला की बाजूला बांधायचं, मग धार. वासरू मेलं तर गाय आटते. पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायचे, तिने चाटावं म्हणून. म्हणजे ज्यांना दूध हवं होतं त्यांनी वासरू जपलंच असणार, आणि कोवळे जबडे नसण्याचा अर्थ माझ्या निष्कर्षाच्या उलटही असू शकतो. पेन यांचा आराखडा शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांवरून आला होता. तो देशी गाईला जसाच्या तसा लावताना मी गाईला विचारलं नव्हतं. प्रबंधातलं ते प्रकरण मी पूर्ण नव्याने लिहिलं. आजीचं नाव ऋणनिर्देशात आहे, आणि ते तिथे असणं मला पदवीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता सर्जाबद्दल.

अकराव्या महिन्यात थर चारच्या पिशवीत बैलाच्या पुढच्या पायाचं, खुराच्या वरचं पहिलं बोट मिळालं. जेमतेम मुठीत मावेल एवढं हाड. त्याच्या खालच्या कडेला हाडाचाच ओठ फुटल्यासारखी वाढ होती आणि वर, सांध्याजवळ, खरखरीत गाठी. 1997 साली युरोपातल्या तीन अभ्यासकांनी रोमानियात खरोखर कामाला जुंपलेल्या बैलांच्या पायांची हाडं तपासून अशा वाढीची प्रतवारी लावली आहे. वर्षानुवर्षं ओढकाम केलं की पायाचे सांधे असे बदलतात. पण वय आणि वजन यांनीही ते बदलतात, म्हणून ताडून पाहायला आपल्याकडचाच, काम केलेला, वय माहीत असलेला बैल हवा. विभागात तो नव्हता. मला माहीत होता.

सर्जा मी नववीत असताना गेला. एकोणीस वर्षांचा होता. पंधरा वर्षं नांगराला आणि गाडीला चालला, शेवटची दोन वर्षं नुसता दावणीला. आबांनी त्याला वरच्या शेताच्या बांधावर बाभळीजवळ पुरला. आषाढात बेंदूर आला की आदल्या संध्याकाळी जिवंत बैलांची खांदेमळणी होते, हळद-लोणी लावून खांदे चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी आबा नैवेद्याचा एक घास बांधावरही ठेवून येतात.

मी आबांना विचारलं. सगळा नको, फक्त पुढचे दोन पाय. नीट काढू, जपून ठेवू, त्यावर त्याचं नाव लिहू.

आबा म्हणाले, "न्हाय."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्यो काय हाडं न्हाय."

मी पुन्हा विचारलं नाही. पण पुण्याला परतताना एसटीत मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. माझ्या एकतीस पिशव्यांत एकही जनावर अखंड नव्हतं. सगळं सोडवलेलं, भाजलेलं, चघळलेलं, खड्ड्यात टाकलेलं. आम्ही पुरातत्त्ववाले जमिनीत एखादं जनावर सांध्याला सांधा धरून, अखंड मिळालं तर थांबतो, कारण त्याचा अर्थ कुणीतरी त्याला खाल्लं नाही, जागा निवडून ठेवलं. विदर्भातल्या महापाषाणीय शिळावर्तुळांत, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडलेल्या प्राचीन दफनांत, घोड्यांची हाडं मिळाली, सोबत लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान खोदकाम केलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची शीर नसलेली देवी आणि मातीचाच बैल मिळाला. बैलाच्या पाठीत भोक, देवीच्या पोटाशी भोक, काडी घालून तिला बैलावर बसवता यावं असं. त्याच इनामगावच्या कचऱ्यात गाईबैलांची हाडं सर्वांत जास्त, त्यांवर चिरे, काही भाजलेली. ज्याला देवीखाली उभं केलं तोच ताटातही होता. आपल्याला यात विरोध दिसतो. त्यांना दिसत होता की नाही, ते मी हाडांवरून सांगू शकत नाही.

आणि अखंड पुरणं हीसुद्धा सनातन रीत नव्हे. आबांच्या वडिलांच्या काळात गावातली मेलेली जनावरं ओढून नेणं, त्यांचं कातडं काढणं हे काम महार समाजावर लादलेलं होतं. मेलेल्या जनावराचं मांस ही त्या लादलेल्या कामाची मजुरी. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मांस सोडायचं आवाहन केलं आणि गावोगाव लोकांनी हे काम नाकारायला सुरुवात केली. आमच्या गावातही नाकारलं, असं आबा सांगतात, आणि मग प्रत्येक घराला आपलं जनावर आपल्या हातांनी उचलावं लागलं. सर्जाच्या खड्ड्यामागे हाही इतिहास आहे. कुणी तीन हजार वर्षांनी तो खड्डा उकरला तर त्याला फक्त माया दिसेल. कुणी काय नाकारलं म्हणून तो खड्डा खणला गेला, हे दिसणार नाही. माझ्यासमोरच्या खड्ड्यांतही असं काहीतरी असणार, या विचाराने मी त्यानंतर प्रत्येक चिराकडे जास्त सावकाश पाहायला लागले. कातडं कुणी काढलं, मांस कुणाला मिळालं, नळी फोडून मगज कुणी चोखला, ही एकाच घरातली माणसं होती असं धरून चालायचं कारण नव्हतं.

प्रबंध संपत आला तेव्हा मी त्या बोटाचा फोटो घेऊन घरी गेले. मोबाइलवर मोठा करून आबांना दाखवला. आबांनी तो बराच वेळ पाहिला. वाढीवर बोट ठेवून म्हणाले, "लई चाललाय ह्यो. खडकाच्या रानात चाललाय." मग फोटो अजून मोठा करायला सांगितला आणि वरचे दोन बारीक चिरे दाखवून विचारलं, "ह्ये काय?"

मी सांगितलं, कातडं सोडवतानाचे.

"खाल्लं?"

बोटावरून ते कळत नाही, पण त्याच खड्ड्यात त्याच आकाराच्या बैलाच्या मांडीची फोडलेली नळी होती. तेही सांगितलं.

आबा उठून दावणीकडे गेले. परत येऊन बसले आणि म्हणाले, "दुष्काळ असंल."

इनामगावच्या उत्तर जोर्वे काळात, म्हणजे तिथल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, इसवी सनपूर्व 1000 नंतर, पाऊस कमी झाला, मोठी चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर जास्त विसंबायला लागले, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली आहे. एका खड्ड्यातल्या दोन हाडांवरून तसं काही म्हणता येत नाही, आणि ते मी आबांना सांगणारही होते. पण ते बोलत होते. बहात्तरच्या दुष्काळाचं आमच्या घरात सगळं बोललं जातं, खडी फोडायला जाणं, सुकडी, मिलो. त्या वर्षीच्या बैलांबद्दल मात्र मी कधीच काही ऐकलं नव्हतं. चारा संपल्यावर आबांनी आपली जोडी बाजारात नेली. घेणारा कोण आहे आणि ती कुठे नेणार आहे, हे त्यांना माहीत होतं. दावं सोडून हातात घेतलं आणि मागे न बघता चालत घरी आले. त्यातला एक चौसा होता, दुसरा नुकता जुळलेला.

मी वही काढली. आबांनी नावं सांगितली, मोऱ्या आणि हौश्या. डावीकडे कोण चालायचा तेही सांगितलं.